ओहळापलीकडची एकशे बहात्तर झाडं

उंबरपाडा हा पेठ तालुक्यातला डोंगराच्या कुशीतला पाडा. तिथे चिमाजी नावाची तीन माणसं होती, आणि लोकांनी आपल्या सोयीनं त्यांची वाटणी करून टाकली होती. एक भगत चिमाजी, एक लंगडा चिमाजी आणि तिसरा टेपवाला चिमाजी. हा तिसरा, म्हणजे चिमाजी भोये, पौष लागला की गळ्यात मोजपट्टी अडकवून पाड्यामागच्या सागाच्या रानात जायचा आणि तिथल्या तीनशे बारा झाडांचे घेर मोजून वहीत लिहायचा. एकोणीसशे एकोणनव्वदपासून वीस वर्षं त्यानं हे काम नेकीनं केलं. मधलं एक वर्ष सोडून. सांगायचं आहे ते त्या एका वर्षाबद्दल, पण त्याआधी माणूस कळायला हवा.

त्याला या कामावर घेतलं खंडेराव देवरे साहेबांनी. देवरे वनखात्याच्या संशोधनाकडे होते. मूळचे देवळ्याचे, कांदेवाल्या घरातले. नोकरीत पंधरा वर्षं काढूनही त्यांच्या तोंडची अहिराणी गेली नव्हती. उंबरपाड्याच्या मागे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला लावलेला साग उभा होता. त्यातला एक तुकडा त्यांनी आखून घेतला, चारी कोपऱ्यांना दगड रोवले आणि प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकला. कागदावर त्याला ‘नमुना क्षेत्र’ म्हणत. पाड्यावर त्याचा ‘पलाट’ झाला.

मोजायला माणूस हवा होता. लिहिता-वाचता येणारे आठ-दहा जण साहेबांनी जमवले. प्रत्येकाच्या हातात टेप दिली आणि एकच झाड तीनतीनदा मोजायला लावलं. कोणाचा आकडा बोटभर पुढे, कोणाचा मागे. चिमाजीचे दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचे आकडे तंतोतंत जुळले. साहेब खूश झाले, तसा चिमाजी म्हणाला, “पयल्या खेपंला मधी सालपट आलं होतं, साहेब. तो आकडा खोटा हाय. पुसून टाका.”

साहेबांनी बाकीच्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

चिमाजी तेव्हा तिशीतला. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला. डोंगरउतारावर नागली आणि वरईचं थोडं रान, घरात बायको कुसाबाई आणि तीन वर्षांची मोहिनी. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागांत जायची ती होळीलाच परतायची. पलाटाचं काम मिळालं आणि चिमाजीचं जाणं थांबलं. त्याला त्या कामाचं अप्रूप वाटायचं त्यात हेही होतं.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, “साहेब, ही झाडं मोजून करायचं काय?”

“आते सांगस तुले, ऐक,” देवरे म्हणाले आणि एका दगडावर बसले. “तुझ्या पाड्यावरची पन्नास पोरं वीस वर्षं मोजत राहिलो, तर एकावन्नावं पोर कोणत्या वयाला किती उंच होईल हे आपल्याला बरंचसं खरं सांगता येईल. रानाचं तसंच. जमीन कशी आहे, पाऊस किती पडतो, झाडं किती दाट उभी आहेत, त्यावर झाड दर साली किती जाड होतं ते ठरतं. ते एकदा कळलं, की आणखी तीस वर्षांनी या रानात किती लाकूड उभं असेल ते कागदावर मांडता येतं. मग रान जेवढं वाढतं तेवढंच तोडायचं, जास्त नाही. आमच्याकडे कोष्टकं आहेत, पण ती इंग्रज साहेबाच्या राज्यातली, दुसऱ्याच मुलखातली झाडं मोजून केलेली. ती इथे लागू पडतात की नाही, कोणालाच माहीत नाही.”

चिमाजीनं जरा विचार केला. “म्हंजे नसलेलं लाकूड मोजायचं.”

“अजून न झालेलं,” साहेब म्हणाले.

मग त्यांनी त्याला मोजायची रीत शिकवली. जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक झाडाला पांढरा पट्टा. टेप त्या पट्ट्यावरच. उतारावरच्या झाडाशी वरच्या अंगाला उभं राहायचं. वेली बाजूला सारायच्या, सुटलेलं सालपट हातानं झाडायचं, टेप ताणायची पण आवळायची नाही. साग वर्षाला दीड सेंटीमीटर वाढतो, कधी दोन. हात अर्ध्या सेंटीमीटरनं चुकला की वर्षाची तीन-चार महिन्यांची वाढ वाया.

हे काम दोघांचं होतं, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कोणी तरी लागायचं. ते टोक कुसाबाईच्या हातात आलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण आकडे चांगले कळायचे. चिमाजी आकडा मोठ्यानं बोले, ती तो पुन्हा बोले, आणि मगच तो वहीत उतरे. कधी तो बोलायच्या आधी ती मान हलवायची, “टेप खाली सरकली बघा मागून.” मग पुन्हा. महिनाभरात तीनशे बारा झाडं व्हायची. पलाटाच्या मधून एक ओहळ जायचा. अलीकडे चढावर एकशे चाळीस झाडं, पलीकडे ओहळाच्या सखल काठाला एकशे बहात्तर. ओहळापर्यंत आले की दोघं बसून भाकरी खायची.

काही वर्षांत चिमाजीला झाडं माणसांसारखी ओळखू यायला लागली. सत्तेचाळीस नंबरावर वीज पडली होती, तरी तो वाढत होता. एकशे अठराच्या खोडाला बाक होता, त्याचा आकडा कधी सरळ यायचा नाही. ओहळापलीकडचा दोनशे एकतीस मात्र राजा झाड. सरळसोट, वीस फुटांपर्यंत फांदी नाही, आणि दर साली दोन सेंटीमीटरच्या खाली कधी उतरलेला नाही. वरचे साहेब आले की देवरे त्यांना त्या झाडापाशी उभं करून फोटो काढायचे.

पंच्याण्णव साली देवऱ्यांची बदली चंद्रपूरकडे झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबाला टेबलावरच काम पुष्कळ होतं. तो रानात फारसा आला नाही. फेब्रुवारी संपायच्या आत वही नाशिकच्या ऑफिसात पोचती करायची, एवढाच निरोप यायचा. चिमाजीचं काम पहिल्यासारखंच चाललं होतं.

शहाण्णवचा पावसाळा उंबरपाड्यावर नीट झाला नाही. पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. भात अर्धं पळींज झालं, लोंब्यांत दाणाच भरला नाही. सत्त्याण्णवच्या जानेवारीत दोघं मोजणीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी कुसाबाई म्हणाली, “औंदा झाडं उपाशी हायेत.” खरंच होतं. जिथे दीड यायचा तिथे पाऊण सेंटीमीटर येत होता. ओहळाच्या अलीकडची एकशे चाळीस झाडं त्यांनी पुरी केली, आणि त्याच संध्याकाळी कुसाबाईच्या अंगात ताप भरला.

दोन दिवस पाड्यावरचं औषध झालं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसायला लागले. चिमाजीनं जीप करून तिला पेठला नेलं, तिथून नाशिकला मोठ्या दवाखान्यात. मोहिनी अकरा वर्षांची, आश्रमशाळेत होती. तिला त्यानं काही कळवलं नाही. आईला घेऊनच परत जाऊ, असं त्याला वाटत होतं. एकोणीस दिवस तो खाटेशेजारी बसून होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडून कसर ठेवली नाही, पण कावीळ खोल गेली होती. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ती बरळायची. कधी आईला हाक मारायची, कधी आकडे बोलायची. त्र्याऐंशी आणि चार. एकाहत्तर आणि नऊ. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, “काय मोजतात ओ त्या?” चिमाजीनं कुसाबाईचं पांघरूण नीट केलं.

विसाव्या दिवशी तो तिला घेऊन उंबरपाड्यावर आला, ते अंत्यविधीला.

दिवसकार्य आटोपलं तेव्हा फेब्रुवारीचे सहा दिवस उरले होते. वनखात्याच्या गार्डानं निरोप आणला, वही वेळेत आली नाही तर पलाट बंद करायचं चाललं आहे, उगीच खर्च होतो म्हणतात. चिमाजी दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि वही घेऊन निघाला. ओहळापर्यंत गेला. ओहळ कोरडाठाक पडला होता. जिथे भाकरी खायला बसायचे तिथे तो बसला. पाड्यावरचं कोणी बरोबर घेता आलं असतं. शेजारचा भिका आला असता, त्याचा चुलतभाऊच होता तो. पण टेपचं ते टोक दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला चिमाजीचं मन धजेना. दुपारपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि मग घरी आला.

घरी येऊन त्यानं ओसरीवर वही उघडली. मागच्या सालचे आकडे समोर होते. एकेक झाड त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. हे दीड वाढलं असणार, हे एक आणि सात, हे दाटीतलं आहे, हे एकच. अलीकडची झाडं उपाशी होती खरी, पण पलीकडची ओहळाच्या काठची. जमिनीत ओल असते, ती तग धरतात, असं त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्या हिशेबानं त्यानं नेहमीची वाढ धरली. दिवस मावळायच्या आत एकशे बहात्तर झाडं लिहून झाली. दोनशे एकतीस नंबरापुढे त्यानं दोन सेंटीमीटरची वाढ धरून आकडा टाकला. वही नाशिकला गेली. कोणी काही विचारलं नाही.

मार्चात त्याचं मन खाऊ लागलं. निदान आता तरी मोजू, आकडे फार निराळे निघाले तर साहेबाला जाऊन सांगू, म्हणून तो एकटाच ओहळ ओलांडून गेला. दोनशे एकतीसच्या जागी बुंधा होता. शेजारची आणखी दोन झाडंही नव्हती. बुंध्याचा कापलेला भाग ताजा नव्हता. उन्हानं राखाडी पडून त्याला चिरा गेल्या होत्या. कुसाबाई दवाखान्यात होती तेव्हाच कधी तरी चोरांनी डाव साधला होता. म्हणजे झाड रानात नव्हतं, आणि वहीत ते दोन सेंटीमीटर वाढलं होतं.

त्या बुंध्यावर तो किती वेळ बसला हे त्यालाही पुढे आठवलं नाही. मग उठून त्यानं गार्डाला चोरीची खबर दिली. कधी झाली विचारलं तेव्हा म्हणाला, “ह्याच आठवड्यात.” पंचनामा झाला. चोर सापडले नाहीत. पहिलं खोटं त्यानं दुःखात लिहिलं होतं. हे दुसरं पूर्ण शुद्धीवर असताना बोलला.

पुढच्या वर्षी त्यानं भिकाला बरोबर घेतलं आणि प्रत्येक झाडाला टेप लावली. पलीकडची झाडं भलतेच आकडे दाखवू लागली. कुठे वाढ शून्याच्या जवळ. अकरा झाडं तर आदल्या सालापेक्षा बारीक निघाली. जितं झाड बारीक होत नाही, हे चिमाजीला माहीत होतं. भिका म्हणाला, “चुकलं असंल, वाढवून लिव.” चिमाजीनं टेपवर होतं तेच लिहिलं. त्यानंतर त्यानं एकही आकडा अंदाजानं टाकला नाही. पण मागचं सांगितलंही नाही. कोणाला सांगणार? देवरे लांब होते, आणि वह्या नाशिकच्या कपाटात बांधून पडल्या होत्या. सात वर्षं गेली. मोहिनी दहावी झाली, घरी आली, आणि टेपचं दुसरं टोक आता ती धरू लागली.

दोन हजार चारच्या जानेवारीत प्रतिभा पिंगळे पलाटावर आली. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या माळी घरातली मुलगी. वडील गुलाब आणि शेवंती पिकवून नाशिकच्या बाजारात विकायचे. ती वनशास्त्र शिकून संशोधनाकडे लागली होती. तिनं त्या कपाटातल्या वह्या काढून पंधरा वर्षांचे आकडे काँप्यूटरात भरले होते. त्यावरून पेठ-सुरगाण्याच्या सागाची वाढ सांगणारं समीकरण तयार होणार होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत कोणत्या रानात किती तोड करायची तो आराखडा त्यावर बसणार होता.

तिनं चिमाजीला पाहताच वाकून नमस्कार केला. तो ओशाळला.

“काका, तुमच्या वह्या वाचून मी तुम्हाला ओळखायला लागलेय,” ती म्हणाली. “असे आकडे मी दुसऱ्या कुठल्याच पलाटाचे पाहिले नाहीत. आणि त्यातून एक नवीन गोष्ट निघालीय. ती तुम्हाला सांगायलाच आले.”

ओहळाच्या काठावर बसून तिनं कागद पसरला. दोन रेघा होत्या. एक अलीकडच्या झाडांची, एक पलीकडच्या. “हे बघा, शहाण्णव साल कोरडं गेलं. अलीकडच्या झाडांची वाढ लगेच निम्म्यावर आली. पण पलीकडची ओहळाकाठची झाडं त्या साली वाढतच राहिली. त्यांना फटका बसला तो वर्षभर उशिरा. म्हणजे ती वर्षभर साठलेल्या ओलीवर काढतात. तोवर चांगला पाऊस झाला तर त्यांना काहीच होणार नाही. मी अहवालात तसं लिहिलंय. ओहळाकाठच्या पट्ट्यांची वाढ भरवशाची आहे, तिथे थोडी जास्त तोड धरायला हरकत नाही.”

“किती पट्टे?” चिमाजीनं विचारलं.

“दोन तालुक्यांतले सगळे.”

चिमाजी कागदाकडे बघत राहिला. ती वर चढलेली रेघ सागाची नव्हती. एका दुपारी ओसरीवर बसून त्यानं जे मनात धरलं होतं, तेच काँप्यूटरातून बाहेर पडून आता त्यालाच शहाणपण सांगत होतं. आणि त्या रेघेच्या भरवशावर कुऱ्हाड चालणार होती ती त्यानं कधी न पाहिलेल्या ओहळांच्या काठी.

त्याच सुमाराला खात्यात जुन्या रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी चालली होती. त्यात त्याचं नाव असल्याचं गार्डानं आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. त्यानं मोहिनीकडे पाहिलं. ती लांब झाडाचे नंबर पुसत होती.

“ताई,” तो म्हणाला, “त्या सालचे पलीकडचे आकडे खोटे हायेत.”

प्रतिभाला आधी समजलंच नाही. “खोटे म्हणजे? टेप बिघडली होती?”

“टेप लावलीच नाय. माझी बायको मेली त्या महिन्यात. मी घरी बसून लिवले. दोनशे एकतीस नंबर तर तवा तुटून गेला होता. त्याची पण वाढ लिवली मी.”

तिनं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. सहा महिन्यांचं काम होतं. पुढच्या महिन्यात तिला ते वरिष्ठांपुढे मांडायचं होतं. शेवटी ती म्हणाली, “आणि बाकीची चौदा वर्षं? त्यांच्यावर तरी मी कसा विश्वास ठेवू, काका?”

हा प्रश्न चिमाजीच्या वर्मी लागला. पण तो रास्त होता. “माझ्यावर ठेवू नका,” तो म्हणाला. “झाडात वळ्या असतात. दर सालची एक. कूप पडतो, रानाचा तुकडा तोडीला निघतो, तवा बुंध्यावर मी मोजल्यात. त्या बघा.”

प्रतिभाला हे पुस्तकातून माहीत होतं. पंधरा दिवसांनी ती एक पोकळ बर्मा मिळवून घेऊन आली. तो झाडात फिरवत नेला की आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर येई, आणि झाड मरत नसे. भोक मेणानं बुजवून टाकायचं. अलीकडची तीस झाडं आणि पलीकडची तीस त्यांनी निवडली. चिमाजीनं बर्मा फिरवला, मोहिनीनं कांड्यांवर नंबर टाकले. प्रतिभा ओल्या फडक्यानं कांडी पुसून भिंगातून वळ्या मोजायची. सालीपासून आत मोजत गेलं की आठवी वळी शहाण्णवच्या पावसाळ्याची.

पलीकडच्या पहिल्याच झाडाची आठवी वळी सुतासारखी बारीक निघाली. दुसऱ्याची तशीच. संध्याकाळपर्यंत तीसही झाडांची निघाली. अलीकडच्या झाडांपेक्षाही बारीक. बारमाही ओलीला सरावलेली ती झाडं ओहळ आटल्यावर जास्त उपाशी राहिली होती. चिमाजीला लहानपणापासून जे माहीत होतं, तेच उलटं होतं.

बाकीच्या वर्षांच्या वळ्या नाशिकला नेऊन प्रतिभानं नीट तपासल्या. वहीतल्या आकड्यांशी त्या जुळल्या. एकही साल खोटं निघालं नाही. ती पुन्हा आली तेव्हा हे तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, “अहवाल मी बदललाय. ओहळाकाठची तोड कमी करा, असं लिहिलंय. सत्त्याण्णवचे पलीकडचे आकडे गाळले. का गाळले ते लिहायलाच पाहिजे असं नाही, काका. ‘नोंदी अपुऱ्या’ एवढं पुरे होईल.”

चिमाजी म्हणाला, “उद्या तुमच्या जागी दुसरं कोण येईल. तो इचारील, का गाळले? तवा सांगायला मी कुठं असन? लिवा तुम्ही.”

तिनं लिहिलं. कोष्टकाचं पुस्तक पुढे छापून आलं, त्यात त्या सालच्या रकान्यात एकशे बहात्तर झाडांपुढे आडव्या रेघा आहेत आणि खाली तीन ओळींची टीप. टिपेत चिमाजीचं नाव नाही. ‘मोजणीदाराच्या घरी मृत्यू झाल्याने प्रत्यक्ष मोजणी झाली नाही, हे त्याने स्वतः सांगितले,’ असं आहे.

व्हायचं ते झालं. नाशिकहून एक अधिकारी चौकशीला आला. चिमाजीनं झाकलं नाही, चोरीची तारीख खोटी सांगितली तेही बोलून टाकलं. कायम करायच्या यादीतून त्याचं नाव निघालं. प्रतिभानं तीनदा लिहून पाहिलं, उपयोग झाला नाही. मोजणी मात्र त्याच्याकडेच राहिली. तिनं हट्ट धरला, हा माणूस नसेल तर मी हा पलाट चालवणार नाही.

पाड्यावर निराळंच घडलं. नव्या आराखड्यात ओहळाकडेचा कूप अर्ध्यावर आला. तोडीचं काम जंगल कामगार सोसायटी करायची, आणि भिका तिचा चेअरमन होता. अर्ध्या माणसांना काम उरलं नाही. त्यांनी पुन्हा द्राक्षांच्या बागांची वाट धरली. भिका दारात उभा राहून म्हणाला, “सात वरसं गप होतास ना? अजून गप बसला असतास तर काय बिघडत होतं? झाडं तुझ्या सोयऱ्यांची हायेत का?” चिमाजीनं त्याला आत ये म्हटलं. तो आला नाही. नंतर तो वाटेत भेटला तरी तोंड फिरवून जाऊ लागला. द्राक्षांवर निघालेल्या बाया चिमाजीच्या दारावरून जाताना गप्प होत. त्याला ते भिकाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एक काम मात्र राहिलं होतं. उन्हाळ्यात तो एस.टी.नं नाशिक करून देवळ्याला गेला. देवरे साहेब निवृत्त होऊन गावी राहत होते. चाळीत कांदा भरायचं काम चाललं होतं. साहेब म्हातारे दिसत होते, डोक्याला उपरणं बांधून कांदा निवडत होते. चिमाजीला बघून त्यांनी हात झटकले आणि खाट टाकायला लावली. चिमाजी खाटेवर बसला नाही. खाली बसून त्यानं सगळं सांगितलं, वही, दोनशे एकतीस नंबर, चोरीची तारीख, प्रतिभाताईचा कागद.

देवरे ऐकत होते. हातातल्या कांद्याची पात ते उगीच खुडत राहिले. आता रागावतील, शिव्या देतील, असं चिमाजीला वाटलं. तेवढ्यासाठीच तो आला होता म्हणा ना.

“कुसाबाई गयी,” ते हळू आवाजात म्हणाले, “अन् सात वरीस तू माले सांगं नही.”

चिमाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. दवाखान्यात, स्मशानात, दिवसकार्यात, कुठेच आलं नव्हतं ते. साहेबांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. वहीबद्दल ते त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री त्यांनी त्याला जाऊ दिलं नाही. सकाळी स्टँडवर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, “ती पोरगी हुशार आहे. तिला सांग, एकशे अठराचा बाक हिशेबात धर.”

चिमाजीनं दोन हजार नऊ सालापर्यंत मोजणी केली. शेवटची दोन वर्षं त्याचे गुडघे धरायला लागले होते. चढावरची झाडं मोहिनी मोजायची आणि तो खाली बसून आकडे लिहायचा. तिनं आकडा बोलला की तो पुन्हा बोलून दाखवी. लग्न होऊन ती पाड्यावरच राहिली, आणि पुढे तो पलाट तिच्याकडे आला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात एक दिवस भिका आला. हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि हळद-कुंकवाचं ताट. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याचं पाऊल त्या उंबऱ्याच्या आत पडलं. पत्रिका देऊन झाली, कोण कोण येणार ते सांगून झालं, तरी तो उठेना. बाहेर बघत बसला. तिथून ओहळापलीकडचा साग दिसायचा.

“त्या रानाची तोड कवा धरलीय?” त्यानं विचारलं.

“ताईच्या कोष्टकात दोन हजार बत्तीस साल हाय.”

“तवर आपण कुठले.”

चिमाजीनं आत वळून मोहिनीला चहा ठेवायला सांगितलं.